कारण मागणारी विमल

फोन विमलच्या नंबरावरून आला, म्हणून मी उचलल्याबरोबर तिला झापायला सुरुवात केली. कळंब्याच्या तळ्यावर मी केव्हाचा ताटकळत उभा होतो आणि बाईसाहेबांचा पत्ता नव्हता. पलीकडून तिच्या शेजारच्या देसाई वहिनी बोलत होत्या. "तुमचंच नाव वर दिसलं म्हणून लावला..." एवढं म्हणून त्या थांबल्या आणि रडायला लागल्या. विमल झोपेतच गेली होती. हृदयाचं दुखणं होतंच, गोळ्या चालू होत्या, दगदग करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दगदग न करणारी विमल मी कॉलेजच्या दिवसांपासून कधी पाहिलेली नव्हती. मी तळ्याच्या कट्ट्यावर बसलो. माणसं नेहमीसारखी हात हलवत चालत होती, ओळखीचे कुणी मान डोलावत होते, आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर राग येत होता.

तो राग इतक्या आठवड्यांनीही गेलेला नाही. पुरवणीच्या संपादकबाईंनी लेख मागताना 'हृद्य आठवणी लिहा' असं सुचवलं. वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांच्या हृद्य आठवणी दुरुस्त करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. कुणीही गेलं की ते मनमिळाऊ असतं आणि पोकळी कधीही भरून न निघणारी असते. विमल मनमिळाऊ नव्हती. तिच्या नाकावर राग असायचा, वाद घालताना ती चालायची थांबायची, त्यामुळे तळ्याची एक फेरी आमची कधी धड पुरी झाली नाही. आठवणी माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण त्या गोड करून सांगितल्या, तर ती जाताना काय घेऊन गेली ते बाजूलाच राहील. ती आपल्या माणसांनी केलेला अपमान घेऊन गेली, आणि तो अपमान तिच्या वाट्याला एका यंत्रामुळे आला. ते यंत्र कुणी चालवलं, हे आजही कुणी सांगत नाही.

विमल कांबळे मुरगूडची. वडील लवकर गेले, थोरल्या भावानं शाळा सोडली आणि विमलला शिकवलं. भावानं शिकवलं असं सगळे म्हणतात; विमल मात्र म्हणायची, मला शेवंतावहिनीनं शिकवलं. ही तिची भावजय. लग्न होऊन आली तेव्हा स्वतःच लहान पोर होती. तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबायची, घरी येऊन भाकरी थापायची आणि विमलला चुलीपुढं बसू द्यायची नाही. "तुमी बसा आब्यासाला वन्सं, हितं काय रांगोळी काढायची न्हाय," म्हणायची. मी कागलचा, शेतकऱ्याच्या घरातला. कॉलेजात असताना एकदा विमलबरोबर त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींच्या हातचा झुणका पोटभर खाऊन आलो. बौद्धवस्तीत जेवून आल्याचं आमच्या घरी कळल्यावर चुलत्यांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा गेलो. वहिनींनी त्या वेळीही ताट वाढताना एवढंच विचारलं, "घरात सांगून आलाय न्हवं पावणं?" त्या बाईला न सांगता केलेली गोष्ट तेव्हाही खपत नव्हती.

विमल संख्याशास्त्राची प्राध्यापक झाली आणि कोल्हापुरातच राहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती उलट विचारायची, तुम्ही का केलंत? कॉलेजात तिची एक पद्धत होती, आणि तिच्यापायी सहकारी वैतागायचे. जो विद्यार्थी तिच्या विषयात नापास होई, त्याला ती बोलावून घ्यायची, उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवायची आणि कुठं चुकलं ते समोरासमोर सांगायची. निकालानंतर तिच्या खोलीबाहेर रांग लागे. पोरं रडत, भांडत, एखाद्या वेळी तिचीच चूक दाखवून देत. मग ती गुण वाढवायची आणि वर शाबासकी द्यायची. "नापास मी केलंय ना? मग तोंड पण मीच दाखवायला पाहिजे," हे तिचं साधं म्हणणं. यात काही मोठं तत्त्व आहे असं तिला तेव्हा वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता मुरगूडच्या त्या गल्लीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. पूर्वी गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं एकाच पत्त्यावर यायची. ज्याला वाचता येतं त्याच्या घरी. मनीऑर्डर, मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्याची खुशाली, कोर्टाचं बोलावणं, सगळं विमलच्या वडिलांच्या नावानं यायचं आणि ते ओसरीवर बसून वाचून दाखवायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुढं मोबाइल आले तरी रीत बदलली नाही. निराधार बायकांच्या मासिक अनुदानाचे अर्ज ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हा प्रत्येकीकडं मोबाइल नंबर मागितला. बायकांकडं स्वतःचा फोन नव्हता. पोरांकडं होते, पण पोरं कामाच्या मागं आज इथं तर उद्या तिथं, आणि सिमकार्ड चपलेसारखी बदलणारी. मग सगळ्यांनी वडिलांच्या पाठोपाठ लेकीला धरलं. भाऊ वारला होता, म्हणून शेवंतावहिनींचाही अर्ज होता. गल्लीतल्या झाडून सगळ्या विधवा बायकांच्या अर्जावर विमलचा नंबर पडला. ऑनलाइन सेवा केंद्रावरचा पोरगा मुरगूडात अर्ज भरायचा, ओटीपी कोल्हापुरात विमलच्या फोनवर यायचा आणि ती तो मोठ्यानं वाचून दाखवायची. दर वर्षी हयातीची नोंद करायची वेळ आली की आमचं फिरणं बोंबलायचं. ती तळ्याच्या काठावर उभी राहून आकडे ओरडत असायची. तिला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. वडिलांची ओसरी आपल्या खिशात आलीय असं म्हणायची.

आणि मग एका महिन्यात गल्लीतल्या त्या सगळ्या बायकांचं अनुदान बंद झालं.

विमलनं तहसील कार्यालयात विचारलं तर पडद्यावर लाल अक्षरांत एवढंच, 'पडताळणी प्रलंबित'. कारकून चांगला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली, पण पुढं त्याच्याही हातात काही नव्हतं. वरून नवीन यंत्रणा आलीय मॅडम, कृत्रिम बुद्धिमत्तेची, ती संशयास्पद लाभार्थी आपोआप वेगळे काढते, का काढले ते आम्हालाही दिसत नाही, असं तो म्हणाला. विमलनं त्याच्यावर आवाज चढवला नाही. घरी आली आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, "मला कळलं रे काय झालंय. माझ्याच नंबरानं घात केला." एका नंबरावर इतकी माणसं म्हणजे कुणीतरी दलाल खोटे अर्ज भरून पैसे लाटतोय, असं त्या यंत्राला शिकवलेलं असणार. "ज्यानं शिकवलं त्याच्या घरात माणशी दोन फोन असतील. एकाचा फोन दहा घरं वापरतात हे त्यानं बघितलेलंच नाही. त्यानं बघितलं नाही म्हणून यंत्रालाही दिसत नाही, आणि यंत्राला दिसत नाही म्हणून माझी वहिनी चोर." पण हा तिचा अंदाज होता. विषय तिचा होता, अंदाज बरोबरच असणार असं मी म्हणालो, तर माझ्यावरच उखडली. "असणार म्हणून भागत नाही. मी पोरांना असणार म्हणून नापास केलं नाही कधी."

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं की यंत्रणा खासगी कंपनीची आहे आणि तिची कार्यपद्धती हे व्यावसायिक गुपित असल्यानं देता येत नाही. अपील केलं. सुनावणीची तारीख पडली, पुढं ढकलली, पुन्हा पडली. ती प्रत्येक वेळी गेली.

इकडं मुरगूडात वेगळंच शिजत होतं. केंद्रावरच्या पोरानं बायकांना सहज सांगितलं होतं, सगळ्यांच्या अर्जावर कांबळे मॅडमचा नंबर हाय, त्यामुळंच बंद झालं असंल. बिचाऱ्यानं खरं तेच सांगितलं. पण संध्याकाळपर्यंत गल्लीत पक्कं झालं की विमलबाईनं आपल्या फोनवरून बंद केलं. का केलं याचंही उत्तर गल्लीनं शोधून काढलं. एका म्हातारीचा मुलगा कारखान्यात कायम झाला होता, तेव्हा विमल तिला म्हणाली होती की आता तुला गरज नाही, दुसरीला मिळू दे. तिच्या स्वभावाप्रमाणं चारचौघीत बोलली होती. ते बोलणं आता सगळ्यांना आठवलं. सरकार कारण सांगत नव्हतं, आणि कारणावाचून कुणाला राहवत नाही. मग जे हाताशी होतं ते माणसांनी उचललं. त्यांना मी दोष देत नाही... म्हणजे आज बसून लिहिताना देत नाही. तेव्हा शिव्या दिल्या होत्या.

विमल गल्लीत समजवायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. बायका दारात आल्या आणि आत गेल्या. शेवंतावहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. चहा ठेवला नाही. ज्या घरात विमल परक्यासारखी कधी बसली नव्हती, तिथं ती खुर्चीच्या कडेवर बसून यंत्र कसं चालतं ते सांगत राहिली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वन्सं, तुमी म्हणताय ते मला कळत न्हाय. मी तुमच्यावर इस्वास ठिवतो, पर मला ह्या गल्लीतच ऱ्हायाचं हाय. तुमी एक कागद आणा. का बंद केलं ते लिवल्याला, सायबाच्या सहीचा. मी दारोदार दावतो."

"वैनी, तसा कागद ते देत नाहीत," विमल म्हणाली.

"सरकार हाय की त्ये. काडून घेताना कागद लागत न्हाय व्हय?"

परत येताना कागल आलं. तशी विमल एकदम म्हणाली, "वहिनीनं कायदाच सांगितला बघ." त्यानंतर तिच्या आयुष्याला दुसरं काही कारण उरलं नाही. पैसे सुरू व्हावेत म्हणून ती धडपडत होतीच, पण तिला तो कागद हवा होता. वहिनीच्या हातात ठेवायला.

राज्यात सरकारी कामातल्या एआयच्या वापराचं धोरण ठरवायला समिती नेमली गेली आणि तिच्यावर निवृत्त तज्ज्ञ म्हणून विमलचं नाव आलं. आम्ही कोल्हापुरात पेढे वाटले. मुरगूडात बायका म्हणाल्या, बघा, आमचं बंद केल्याचं बक्षीस मिळालं. हे तिला कळलं तेव्हा ती कोरडी हसली.

समितीवर तिनं एकच कलम लावून धरलं. मसुदा इंग्रजीत चालायचा, पण हे कलम मराठीत आधी लिहायचं असा तिचा हट्ट होता, आणि त्यासाठी तिनं मला कामाला लावलं. नोकरीत मी उपसंपादकच राहिलो असलो तरी ती मला चिडवायला 'संपादक' म्हणायची. "संपादक, शेवंतावहिनीला वाचून दाखवलं तर कळेल असं लिहा." आम्ही लिहिलं ते असं होतं: यंत्राच्या सांगण्यावरून कुणाचा सरकारी लाभ थांबवला, तर तो का थांबवला हे त्या माणसाला त्याच्या भाषेत, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानं आणि सहीनं, लेखी कळवलं पाहिजे, आणि कारण चुकीचं असेल तर ते दुरुस्त करून घ्यायची जागा त्याच कागदावर लिहिली पाहिजे. एवढं लिहायला आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून भांडभांड भांडलो. मी 'यथाशीघ्र' घातलं होतं, तिनं ते खोडलं.

मुंबईतल्या बैठकांच्या हकिगती ती तळ्यावर सांगायची. कंपन्यांतर्फे येणारा एक चुणचुणीत माणूस म्हणाला की अशा प्रणालींचा निर्णय शब्दांत उलगडून सांगणं फार अवघड असतं. विमलनं त्याला विचारलं, मग थांबवणं इतकं सोपं कसं असतं? उलगडता येत नसेल तिथं वापरू नका, निबंधस्पर्धेला वापरा, विधवांच्या ताटाला हात लावायला वापरू नका. कुणी म्हणालं, मॅडम भावनिक होताहेत. एका तरुण अधिकाऱ्याला मात्र तिचं पटायचं. बैठक संपल्यावर तो चहाचा कप घेऊन जवळ यायचा आणि हळूच म्हणायचा, तुमचा मुद्दा आपण नक्की घेऊ. असे हळूच पटणारे लोक मी पत्रकारितेत पुष्कळ पाहिले होते. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "गप रे, पोरगा चांगला आहे." पोरगा चांगलाच होता. चांगलं असण्यासाठी त्याला काही मोजावं लागत नव्हतं, एवढाच काय तो प्रश्न.

धोरण जाहीर झालं. कागद गुळगुळीत, पहिल्या पानावर हसणारी शेतकरीण आणि तिच्या हातात नवाकोरा फोन. पारदर्शकता हा शब्द पानोपानी. विमलचं कलम होतं. 'शक्य असेल तेथे लाभार्थ्यास निर्णयाबाबत सुलभ माहिती उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न करण्यात येईल.' सही गेली, नाव गेलं, लेखी गेलं. आभाराच्या यादीत विमलचं नाव व्यवस्थित छापलेलं होतं. ती ते घेऊन तळ्यावर आली आणि कट्ट्यावर बसली. फिरायला उठलीच नाही. "शक्य असेल तेथे," ती म्हणाली. "मुरगूड शक्य असेल तिथं येतं का रे?" मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, "मला माझं नाव काढून टाकायला सांगायचंय." तिनं तसं कळवलं. पोच आली नाही. त्यानंतर काही दिवसांतच तो सकाळचा फोन आला.

शेवंतावहिनी अंत्ययात्रेला आल्या, विमलच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडल्या. गल्लीतलं दुसरं कुणी आलं नाही. समितीकडून शोकसंदेश आला, त्यात विमल मनमिळाऊ होती आणि पोकळी भरून न निघणारी होती. तो संदेश माणसानं लिहिला की यंत्रानं, हे मला ओळखता आलं नाही, आणि आता त्यानं काही फरकही पडत नाही.

मुरगूडला वहिनींच्या दारात पुण्यानुमोदनाचा, गेलेल्या माणसासाठीच्या बौद्ध प्रार्थनेचा, कार्यक्रम होता. मी गेलो. मांडवात गल्लीतल्या बायका आलेल्या पाहून मला बरं वाटलं. वाटलं, मेल्यावर तरी मनं निवळली. वंदना झाली, जेवणं झाली. मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तेव्हा भांडी घासणाऱ्या बायकांचं बोलणं कानावर पडलं. अनुदान सुरू झालं होतं. सगळ्यांचं, एकदम, विमल गेली त्याच महिन्यात. ना फोन, ना चिठ्ठी. जसं बंद झालं तसंच बिनबोभाट खात्यात येऊन पडलं होतं.

"बाई गेली आन् पैसं आलं," एक म्हातारी म्हणत होती. "आता आनी काय सांगाय पायजे?"

मी तिथंच ओल्या हातानं उभा राहून तोंड वाजवलं. म्हणालो, तुमच्यासाठी ती बाई मुंबईला खेटे घालून घालून मेली, तुम्हाला जरा तरी... म्हातारीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. शांतपणे म्हणाली, "मग तुमी सांगा की पावणं, कशानं सुरू झालं?"

तिच्या मरणानंतर तिचा नंबर बंद केला म्हणून? अपिलात कुणीतरी काही लिहिलं म्हणून? यंत्रात काही बदललं म्हणून? त्या चांगल्या पोरानं कुठंतरी हळूच एक कळ दाबली म्हणून? मला माहीत नाही. कार्यालयात चौकशी केली, तर पडद्यावर आता हिरव्या अक्षरांत 'पात्र' असं येतं. का पात्र, ते येत नाही. विमलनं जन्मभर पोरांना नापास का केलं ते सांगितलं. पास का केलं तेही सांगावं लागेल, हे तिच्याही डोक्यात आलं नसावं.

निघताना वहिनींना भेटायला सोप्यात गेलो. समोरच्या भिंतीवर विमलच्या भावाचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या शेजारी नवा खिळा ठोकलेला, भोवतीचा चुना ताजा उडालेला. मांडवात ठेवलेला विमलचा फोटो वहिनींनी साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवायला घेतला होता. मी विचारलं, लावणार नाही का?

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही. साडीचा पदर फोटोवर नीट दुमडत म्हणाल्या, "लावायचाच हाय की. मी माझ्या हातानं खिळा मारलाय. पर रोज बायका येत्यात बसायला, त्यास्नी काय सांगू मी?... कागद आला की लावतो."